फायबर: आधी सरळ करा, मग मजबूत

संपादक महाशय,

फायबरचे बॉनेट किंवा डिकीचे झाकण वाकडे झाले, की वरून लांबी (खड्डे भरायची पुट्टी) थापायची आणि घासून सपाट करायचे, हा उपाय सर्रास केला जातो. पण पॅनेल लवते, जाड लांबी लवत नाही. बॉनेट काही वेळा आपटले की तिथेच तडा.

वाकडेपणाचे मूळ बहुधा घाईत असते. फायबरमधले पॉलिएस्टर रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारे द्रव) कच्चे असताना पॅनेल साच्यातून काढून भिंतीला टेकवले, की ते तसेच पिकते. ते उष्णतेने परत वळवता येते. रंग काढलेले पॅनेल गाडीवर बसवावे, फटी सारख्या कराव्यात, खोलगट भागाला टेकू आणि फुगीर भागावर वजन द्यावे. मग हीट गन सतत फिरवत ६०-७० अंशांपर्यंत तापवावे. पूर्ण गार होईपर्यंत काही हलवायचे नाही.

आता बाहेरून मास्किंग टेपवर, आकाराला कापलेल्या प्लायच्या पट्ट्या चिकटवून तो आकार बांधून टाकावा आणि मगच पॅनेल उलटे करावे. ही पायरी गाळली, तर वाकलेल्या पॅनेललाच बळकटी मिळते.

आतली बाजू ८० नंबरच्या पेपरने चमक जाईपर्यंत घासून असिटोनने पुसावी. बळकटीसाठी सरसकट मॅट (काचतंतूंची चादर) चढवण्यापेक्षा फासळ्या (आतून उठावदार पट्ट्या) बऱ्या, वजन कमी वाढते. त्यासाठी पीयू (पॉलियुरेथेन) फोमची १०-१२ मिलिमीटर पट्टी घ्यावी. थर्मोकोल चालणार नाही, रेझिन त्याला खाऊन टाकते. पट्टीच्या कडा तिरक्या कापाव्यात, नाहीतर मॅट कोपऱ्यावर उचलली जाऊन खाली हवा राहते. वरून चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर, दोन्ही बाजूंना ४-५ सेंटिमीटर पसरलेले. रेझिन मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट. हार्डनर (रेझिन घट्ट करणारे रसायन) रेझिनच्या १ ते २ टक्के, म्हणजे अर्धा किलोला ५ ते १० ग्रॅम, तोही वजन करून. अंदाजाने ओतण्याची सवय इथे महागात पडते. जास्त झाला की रेझिन तापून आक्रसते आणि फासळीची रेघ बाहेरच्या रंगावर उमटते. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालायचे रसायन) वेगळे मिळत असेल तर ते आधी रेझिनमध्ये ढवळावे. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो.

प्लायच्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी काढाव्यात. लांबी त्यानंतर, फार तर दोन मिलिमीटर. घासायला हातभर लांब ठोकळा हवा. छोटा ठोकळा खड्ड्यात उतरतो आणि उन्हात बॉनेटवर पुन्हा लाटा दिसतात.

आपला,
एक फायबर कारागीर