दर किलोमीटरला एक माणूस हवा

नमस्कार,

जुन्या रेल्वेमार्गावर होणाऱ्या आपल्या मॅरेथॉनसाठी धावपटूंची नावं येऊ लागली आहेत. ती बाजू नीट चालली आहे. अडलं आहे ते वाटेवर उभं राहणाऱ्या माणसांसाठी, आणि हे आवाहन त्यांच्यासाठीच आहे.

ही वाट ज्यांनी एकदा तरी चालून पाहिली, त्यांना तिचं कौतुक सांगायला नको. रूळ आणि स्लीपर निघाले, मोठी खडी उचलली, वर बारीक कच दाबून बसवली आणि आगगाडीचा रस्ता पायांचा झाला. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड कमी, त्यामुळे रेल्वे बांधणाऱ्यांना चढ जपूनच द्यावा लागे. ५० मीटर अंतरात १ मीटर चढ म्हटला तरी तो इंजिनाला भारी. म्हणून त्यांनी डोंगर कापले, खोलगट जागी भराव घातले, जिथे कापणंही जमेना तिथे बोगदे खणले आणि वळणं लांबवर पसरवली. त्या सगळ्या कष्टांचा लाभ आज धावणाऱ्याला मिळतो. दम काढणारा चढ नाही, काटकोनी वळण नाही, मागून येणारी गाडी नाही. खोदाईतून जाताना दोन्ही हातांना पाझरणारा, शेवाळलेला खडक असतो. तो संपतो आणि एका पावलात सगळी दरी समोर उघडते. मी स्वतः कितीतरी वेळा तिथे धावता धावता थांबलो आहे.

मात्र धावणाऱ्याला सोपी असलेली ही वाट मदत घेऊन येणाऱ्याला फार अवघड जाते. रेल्वेने आपला मार्ग आखला तो गाडीच्या सोयीने. त्यामुळे एका फाटकापासून पुढच्या फाटकापर्यंत वाटेवर चढायला दुसरी जागाच नाही. मागच्या सरावाच्या वेळी आमच्यातल्या एकाचा पाय अशाच मधल्या टप्प्यात मुरगळला. रुग्णवाहिका लगेच आली. खालच्या रस्त्यावर ती उभी असलेली आम्हाला वरून स्पष्ट दिसत होती, तिचा दिवा फिरत होता. पण मध्ये भरावाचा उभा उतार होता आणि त्यावर कमरेएवढी काटेरी झुडपं. शेवटी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो एका पायावर लंगडत पुढच्या फाटकापर्यंत आला. पायच होता म्हणून निभावलं. हृदय बंद पडलं असतं तर काय केलं असतं, या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही.

हा विचार उगाच मनात आलेला नाही. हृदय अचानक थांबलं आणि छाती दाबण्याचा उपचार कोणीच सुरू केला नाही, तर हृदय पुन्हा ठोक्यावर आणणारा विजेचा झटका मिळायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. फाटकावरून स्ट्रेचर घेऊन निघालेला माणूस कितीही जोरात पळाला तरी या हिशेबात बसत नाही. मदत आधीपासूनच वाटेवर असावी लागते.

रेल्वे चालू होती तेव्हा गँगमन आपापला टप्पा रोज पायी तपासत असे. सैल झालेली खीळ, खचलेली खडी, रुळावर आलेला दगड, सगळं त्याच्या नजरेखालून जाई. आम्हाला अगदी तशीच रचना हवी आहे. अंतर ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे दर किलोमीटरला एक धरला तर ४२ जण. पहिला धावपटू गेल्यापासून शेवटचा येईपर्यंत काही तास जातात, म्हणून दोन पाळ्यांना ८४. तुमचा टप्पा तुम्हाला आधी दाखवला जाईल. त्यातला निसटता दगड कुठे आहे, पुलावरची कुठली फळी ओली झाली की घसरते, मोबाइलला रेंज कुठे मिळते, हे त्या दिवशी इतर कोणाहीपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असेल. छाती दाबून प्राण वाचवण्याचं प्रशिक्षण आम्ही सर्वांना देणार आहोत. ते शिकवू शकतील असे डॉक्टर आणि परिचारिका पुढे आल्या तर आमचं अर्धं ओझं उतरेल. शिवाय सायकलवरून फिरणारी पथकं हवीत, आणि प्रत्येक पथकाच्या पाठीवर झटका देणारं यंत्र. ज्या संस्थांकडे अशी यंत्रं आहेत त्यांनी ती एका दिवसापुरती आम्हाला द्यावीत, ही हात जोडून विनंती.

बोगद्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरी धास्ती तिथली आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्नोक्वाल्मीचा जुना रेल्वे बोगदा साडेतीन किलोमीटरहून लांब आहे. त्यातूनही मॅरेथॉन धावतात, कपाळाला दिवा बांधून. आपला बोगदा एवढा लांब नाही, पण अडचण तीच. लख्ख उन्हातून आत शिरलं की डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात, आणि त्या पहिल्या काही सेकंदांत धावणारा जवळपास आंधळा असतो. पायाखाली ओल असते. हातातलं घड्याळ उपग्रहाचा संपर्क तुटल्यामुळे भलतंच अंतर दाखवू लागतं आणि आपण किती आलो हे कळेनासं होतं.

बोगद्याच्या भिंतीत ठरावीक अंतरावर कोनाडे आहेत. गाडी आली की कामगार त्यात अंग चोरून उभे राहत. काहींच्या कडा माणसांच्या पाठी घासून गुळगुळीत झाल्या आहेत, हात फिरवला की समजतं. त्याच कोनाड्यांत आम्हाला कंदील घेऊन माणसं उभी करायची आहेत. दिवा गुडघ्याच्या उंचीवर आणि जमिनीकडे वळवलेला, म्हणजे धावणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश येणार नाही आणि छताला लटकलेल्या वटवाघळांनाही त्रास होणार नाही. त्यांच्यासाठीच बोगद्यात आणि दोन्ही तोंडांशी भोंगा, ढोल, शिट्टी काहीही वाजणार नाही. घरात चांगला चार्जिंगचा कंदील किंवा डोक्याला बांधायचा दिवा असेल तर नाव चिकटवून आमच्याकडे द्या. परत मिळेल.

पाण्याची व्यवस्था दर ५ किलोमीटरला, म्हणजे ८ ठिकाणी. तिथे एक गोष्ट पाळायची: पुढे केलेला पेला धावपटूने नाकारला तर आग्रह करायचा नाही. तहानेपेक्षा जास्त पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम घटून माणूस गंभीर आजारी पडू शकतो.

अंतर मोजण्यासाठीही दोन-तीन चिकाटीचे सायकलस्वार हवे आहेत. मॅरेथॉनचा मार्ग सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर, म्हणजे चाकाचे फेरे मोजणारं छोटं यंत्र, लावून मोजतात. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्टीवर सायकल चालवून काउंटरचे आकडे ठरवायचे आणि मोजणी झाल्यावर तेच पुन्हा करायचं, कारण ऊन वाढलं की टायरमधली हवा फुगते आणि चाकाचा घेर बदलतो. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला १ मीटर जास्त धरतात, म्हणजे पूर्ण अंतरात ४२ मीटर. एवढं करूनही इथली वेळ विक्रमासाठी धरली जाणार नाही, कारण त्यासाठी उतार सरासरी किलोमीटरला १ मीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि आपला मार्ग त्याहून कितीतरी जास्त उतरतो. ही गोष्ट नावनोंदणीच्या वेळीच सांगितली जाते. तरी अंतर खरंच हवं. महिनोन् महिने तयारी करून आलेल्या माणसाला मोजून-मापून पूर्ण मॅरेथॉन मिळाली पाहिजे.

आता पैशांचं. देणगी कितीही असो, ती रुग्णवाहिका, धावपटूंना सुरुवातीच्या जागी नेणाऱ्या बस, फिरती शौचालयं, विमा आणि पुलांच्या कठड्यांची दुरुस्ती यांवर खर्च होईल. उरलेल्या रकमेतून पावसाने वाहून गेलेल्या जागी पुन्हा कच टाकली जाईल. जमा-खर्चाचा कागद स्पर्धेनंतर कार्यालयाच्या दारावर लावू. न्यूझीलंडमधला ओटागो सेंट्रल रेल ट्रेल २००० साली खुला झाला, १५२ किलोमीटरचा, आणि रेल्वे गेल्यावर सुन्या पडलेल्या गावांत त्या वाटेमुळे पुन्हा माणसं येऊ लागली. आपल्या वाटेचंही तसं व्हावं ही आमची मनापासून इच्छा आहे. पण आधी तिच्यावर पाऊल टाकणारा प्रत्येकजण सुखरूप घरी पोचला पाहिजे.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी पहाटे सगळ्या टप्प्यांची फेरी आहे. पायात पकड असलेले बूट, सोबत विजेरी आणि पाण्याची बाटली एवढं घेऊन या. टप्प्याचा क्रमांक तिथेच मिळेल. स्पर्धेच्या दिवशी शेवटच्या धावपटूच्या मागे पिवळा झेंडा लावलेली सायकल येईल. ती तुमच्यासमोरून जाईपर्यंत जागा सोडू नका.

आपली,
स्पर्धा समिती