बाबा, 'नको जाऊया' तुम्हीच म्हणा

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

इकडे सगळं ठीक. पहाटे गोधडी लागतेय, त्यामुळे वरच्या बागेत मोहोर छान फुटलाय. खालच्या झाडांनी मात्र पालवीच काढली. तुडतुड्यांची पहिली फवारणी उरकली. गुहागरात पर्यटकांच्या गाड्या एवढ्या आल्यात की देवळाकडे जायचं तर चालतच जावं लागतं. बाकी बागेचं फोनवर बोलूच.

हे लिहितोय ते वेगळ्या कारणासाठी. फोन लागला की दादा शेजारी असतो, स्पीकर चालू असतो, आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. आई, तू बाबांना वाचून दाखव. दादाला दाखवलंस तरी हरकत नाही, पण आधी बाबांना.

नाताळच्या सुट्टीत तुम्ही सगळे तिकडे अमेरिकेत, दादाच्या बफेलोहून क्लीव्हलँडला गाडीने जाणार, असं वहिनी म्हणाली. तीनशे किलोमीटर, तीन-सव्वातीन तास. वाटेत एकही घाट नाही, हे दादाने मला दोनदा सांगितलं. तिथेच मला शंका आली.

घाट नाही, पण सगळा रस्ता ईरी सरोवराच्या काठाकाठाने जातो. डिसेंबरात त्या सरोवराचं पाणी अजून गोठलेलं नसतं. कॅनडाकडून येणारा कोरडा, बोचरा वारा त्या मानाने उबदार पाण्यावरून येताना वाफ उचलतो आणि काठाला लागला की तिचाच बर्फ होऊन कोसळतो. तोही सगळीकडे नाही, पट्ट्यात. वळवाची सर अंजनवेलला झोडपते आणि गुहागर कोरडं राहतं, तसं. म्हणजे दादाच्या दारात लख्ख ऊन पडलेलं बघून निघावं आणि पंधरा-वीस किलोमीटरवर समोरचं दिसेनासं व्हावं. २०१७ च्या नाताळला ईरी शहरात एका दिवसात ३४ इंच बर्फ पडला होता. ते शहर तुमच्या वाटेच्या बरोबर मध्यावर आहे.

आणि बफेलोचं तर दादालाच विचारा. २३ डिसेंबर २०२२ ला जे वादळ सुरू झालं, त्यात तिथल्या विमानतळावर चार दिवसांत ५० इंचांहून जास्त बर्फ नोंदला गेला. गाड्या रस्त्यावर काढायला बंदी होती. अग्निशमन दलाच्या, मदतीच्या गाड्यासुद्धा अडकून पडल्या. त्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यातली काही आपापल्या गाडीत सापडली.

बाबा, आता तुमच्याशी बोलतो. मी शाळेत असताना एकदा तुमच्या एसटीतून चिपळूणहून येत होतो, केबिनला लागून असलेल्या सीटवर. जुलैचा पाऊस. मोरीवर पाणी चढलेलं. तुम्ही काच खाली करून कडेचे चुना लावलेले दगड बघत होतात. शेवटचा दगड बुडाला तशी तुम्ही गाडी मागे घेऊन इंजिन बंद केलंत. एक जण लग्नाला निघाला होता, त्याने तुमची आय-माय काढली. पलीकडून एक जीप पाण्यातून निघूनही आली, तेव्हा तर सगळीच गाडी तुमच्यावर ओरडायला लागली. तुम्ही तंबाखू मळत कंडक्टरला एवढंच म्हणालात, "दगड दिसल्याशिवाय मी चाक टाकणार नाही. ह्यांना कुठे चहा मिळतो बघ." घरी पोचायला मध्यरात्र उलटली. पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये महाडला सावित्रीवरचा पूल गेला, दोन एसट्या वाहून गेल्या, तेव्हा तुम्ही जेवायलासुद्धा बसेनात. मला त्या दगडांची आठवण झाली होती. बोललो नाही.

हल्ली तुम्ही म्हणता, "मला इथलं काय कळतं? तो चालवतो, आपण मागे गप्प बसायचं." हे मला पटत नाही. दादा चांगला चालवतो, खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा हलक्या हाताने. पण त्याने रजा टाकलीय, हॉटेलचे पैसे भरलेत, आणि तुम्हा दोघांना फिरवायचं त्याच्या मनात किती वर्षांपासून आहे. अशा माणसाच्या तोंडून 'रद्द करूया' निघत नाही. तुम्ही म्हणालात तर त्याचीही सुटका होईल. नंतर रागावला तर माझ्यावर ढकला.

फक्त एक लक्षात घ्या. पाणी चढताना दिसतं. बर्फाच्या वादळात रस्त्याची कड, पट्टे, पुढची गाडी, सगळं मिनिटाभरात जातं. अप्पर लावला तर उजेड उलटा डोळ्यांवर येतो. कुंभार्ली घाटाच्या धुक्यात तुम्ही जन्मभर डिपरवरच गेलात, तिथेही तेच. पूल रस्त्याच्या आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. त्यामुळे थांबायचं की जायचं हे वाटेत नाही, घरातच ठरवा. हवामान खात्याने त्या पट्ट्यासाठी इशारा दिला असेल तर बॅगा उघडून कपडे परत कपाटात. क्लीव्हलँड कुठे पळून जात नाही.

तरीही अडकलातच, तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, कितीही जवळ दिवे दिसले तरी. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की विषारी वायू आत येतो आणि त्याला वास नसतो. आधी ते मोकळं करायचं, मग तासाला दहा मिनिटं इंजिन चालवायचं, काच बोटभर उघडी ठेवून. हे काम दादाचं. बाबा, तुम्ही उतरायचं नाही. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

आई, तुझ्या प्रेशरच्या गोळ्या बॅगेत घालून डिकीत टाकू नकोस, पर्समध्ये ठेव. पाण्याच्या बाटल्याही आतच, डिकीत गोठतील. ब्लँकेटं माणशी एक. लाडू-चिवडा घेशीलच, ते सांगायला नको.

निघायचं ठरलं तर त्या दिवशी तुमच्या सकाळी सातला फोन करा. इथे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, मी बागेतून आलेला असतो. नाही निघालात तरी करा.

तुमचा,
धाकटा

ता. क. बाबा, विहिरीवरच्या पंपाच्या खोलीची दुसरी किल्ली कुठे ठेवलीत? फडताळात नाही, देवघरातही नाही.