जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी हार्ड डिस्कचं बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आमच्याकडे दुरुस्तीच्या दुकानात एकच प्रकार सारखा बघायला मिळतोय, म्हणून हे पत्र. लोक नवीन पीसी घेतात, जुना सीपीयू उघडून त्यातली हार्ड डिस्क काढून आणतात आणि म्हणतात, ही नवीन मशीनमध्ये बसवा, म्हणजे आपलं सगळं जसंच्या तसं चालू होईल. जुना डबा तोवर भंगारवाल्याकडे गेलेला असतो. खरी अडचण तिथेच होते, कारण जे काम जुनं मशीन चालू असताना तासाभरात झालं असतं ते आता दोन-दोन दिवस खातं आणि कधीकधी होतच नाही.

डिस्क विंडोज १० ची असेल तर बऱ्याचदा निभतं. पहिल्यांदा चालू करताना ती थोडा वेळ नवीन हार्डवेअर ओळखत बसते आणि मग सुरू होते, फक्त लायसन्स जुन्या मदरबोर्डला (मशीनच्या मुख्य बोर्डला) बांधलेलं असेल तर ॲक्टिव्हेशन मागते. लिनक्सची (विंडोजऐवजी वापरतात त्या सिस्टिमची) डिस्क तर सहसा काही कुरकुर न करता चालते कारण बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम, तिच्यातच असतात. पण विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ च्या डिस्कचं तसं नाही. एक्सपीने इन्स्टॉल होताना त्या मदरबोर्डचा डिस्क कंट्रोलर, म्हणजे डिस्कशी बोलणारी चिप, बघून तेवढाच ड्रायव्हर सुरुवातीला उचलायचा असं ठरवलेलं असतं, नवीन बोर्डवर कंट्रोलर वेगळा, मग लोगो येतो, निळा स्क्रीन चमकतो, मशीन रिस्टार्ट होतं आणि हेच चक्र चालू राहतं. आणि हे सुद्धा बोर्डने डिस्कवरून बूट, म्हणजे विंडोज सुरू, होऊ दिलं तर, कारण जुन्या डिस्क जुन्या बायोस पद्धतीने बूट होतात आणि हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर फक्त युईएफआय ही नवी पद्धत उरलीय, तिथे बूट मेनूत ती डिस्क दिसतच नाही. विंडोज ७ वाल्यांना तर अजून एक त्रास आहे, समजा कसंतरी लॉगिन स्क्रीनपर्यंत पोचलात तर तिथे कीबोर्ड-माऊस बंद, कारण नवीन बोर्डांवरचे यूएसबी पोर्ट चालवणारा ड्रायव्हर त्या विंडोजमध्ये मुळात नाहीच. पासवर्डची चौकट समोर आणि टाईप करता येत नाही. बोर्डला जुनं गोल पीएस-टू सॉकेट असेल तर तेवढं वाचतं.

आता कोणी म्हणेल की एवढं कशाला, फाईली कॉपी करून घ्या आणि जुनं विंडोज सोडून द्या. फोटो आणि एक्सेल शीट असतील तर अगदी बरोबर, तेच करा. पण आपल्याकडे डीटीपीवाले (कॉम्प्युटरवर पानं जुळवणारे), छोटे प्रेस, ग्रामीण वाचनालयं, पतसंस्था, देवस्थानं यांच्याकडे वीस-पंचवीस वर्षांचा मराठी मजकूर पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पडलाय, तोही श्रीलिपी, आयएसएम, आकृती असल्या युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये. ती फाईल नवीन मशीनवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता खिचडा दिसतो. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, मी स्वतः वापरतो, पण रफार भलत्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी एक घर पुढे सरकते, जोडाक्षरं तुटतात, आणि मग मूळ पान समोर ठेवून ओळ न् ओळ तपासावी लागते. ते मूळ पान फक्त त्याच जुन्या विंडोजवर, त्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट दिसतं. म्हणून फाईल नाही, अख्खी डिस्क चालत्या अवस्थेत जपायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. गावाच्या यात्रेची स्मरणिका, शाळेच्या अमृतमहोत्सवाचा अंक, एखाद्या स्थानिक लेखकाचं पुस्तक, यांची दुसरी प्रत बऱ्याचदा कुठेच नसते हो.

हे करायचं कसं तर जुनं मशीन चालू आहे तोवरच. मशीन एक्सपीचं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन डिस्क कंट्रोलरच्या जागी विंडोजचा स्वतःचा स्टँडर्ड ड्युअल चॅनल आयडीई ड्रायव्हर लावून घ्यायचा आणि मग रिस्टार्ट न करता सरळ बंद करायचं, एवढ्याने पुढचा निळा स्क्रीन बहुतेक वेळा टळतो. मग डिस्क काढून आयडीई-साटाचा (डिस्कच्या जोडणीचे हे दोन प्रकार) यूएसबी ॲडॅप्टर लावून नवीन पीसीला जोडायची आणि सगळ्यात आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढायची. त्यासाठी क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे, डिस्कटूव्हीएचडी पण फुकट आहे आणि ते अख्ख्या डिस्कची एकच फाईल करून देतं. ती फाईल व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आयडीई कंट्रोलरला जोडली की नवीन मशीनच्या आत एका खिडकीत तुमचा जुना एक्सपी, तोच डेस्कटॉप, तेच पेजमेकर. नेटवर्क मात्र बंद ठेवा, एक्सपीला २०१४ पासून सुरक्षेचे नियमित अपडेट मिळत नाहीत. हार्डवेअर लॉक (जो लावल्याशिवाय काही सॉफ्टवेअर चालतच नाहीत) यूएसबीचा असेल तर तो आत जोडता येतो, जुन्या प्रिंटर पोर्टवाला असेल तर बहुतेक वेळा जमत नाही, त्यांनी जुनं मशीन सांभाळूनच ठेवावं.

आणि जोडताना घाई नको. नवीन विंडोज विचारतं, डिस्क स्कॅन करून फिक्स करू का, परवानगी नाही तर कंटिन्यू करू का, कधी तर सरळ फॉरमॅट करू का असंही विचारतं. इमेज हातात येईपर्यंत प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणा. कंटिन्यू दाबलं की ते जुन्या डिस्कवरच्या परवानग्या बदलतं, आणि डिस्क खराब व्हायला लागली असेल तर फिक्स करण्याच्या नादात होतं नव्हतं तेही जातं. अशी कुरकुरणारी डिस्क असेल तर लिनक्सवरून डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने प्रत काढावी, ते चांगला भाग आधी उचलतं आणि अडणारा भाग शेवटी बघतं. अलीकडचा लॅपटॉप असेल तर अजून एक, त्यात बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असू शकतो आणि डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती आधीच लिहून ठेवा, नाहीतर त्या डिस्कमधलं कोणालाच काही काढता येणार नाही, दुकानदारालाही नाही.

दुकानदार मंडळींनाही विनंती आहे की गिऱ्हाईकाने डिस्क टेबलावर ठेवल्याठेवल्या फॉरमॅट मारून 'डेटा गेला' म्हणू नका. एका वाचनालयाच्या जुन्या अंकांचं असंच झालं, डिस्क ठणठणीत होती, फक्त नवीन मशीनवर बूट होत नव्हती. आयटीआय आणि एमएस-सीआयटीच्या सेंटरवर पोरांना इमेज काढणं आणि व्हर्च्युअल मशीन चालवणं हाताने करायला लावलं तर तालुक्यातालुक्यात हे काम करणारी माणसं तयार होतील. आणि तुमच्यासारख्या वर्तमानपत्रांकडेही युनिकोडच्या आधीची पानं जुन्या डिस्कवर असणारच, त्यांचं काय केलंय किंवा काय करणार आहात हे एकदा छापलंत तर बाकीच्या छोट्या प्रेसवाल्यांना रस्ता कळेल.

– कॉम्प्युटर दुरुस्ती आणि डीटीपीचं काम करणारा एक वाचक, सांगली