आधी मजुरी, मग २,१००

‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये आता पुरेनात, म्हणून २,१०० चे आश्वासन आठवले जाते. गरिबाला मदत नको, असे कोण म्हणेल? पण १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना (रोहयो) राबवली. माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, हजेरीपटावर अंगठा उठवून हक्काची मजुरी घेतली. मिंधेपण नव्हते. गावात तलावही राहिला. त्याच हमीसाठी १९७५ साली आलेला व्यवसाय कर आजही दरमहा २०० रुपये आमच्या पगारातून कापला जातो (तक्रार नाही, हिशेब मागतोय). खात्यात आयते पैसे टाकून मते मिळत असतील. बंधारा होत नाही. वाढीव हप्त्याआधी रोहयोची मजुरी वेळेवर द्या.

– एक करदाता, सांगली