तलावपाळीला सुरेल झोपाळे हवेत

महोदय,
शहर सुशोभीकरण म्हटले की आपल्याकडे 'आय लव्ह'वाली चकाकणारी अक्षरे आणि झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा. फोटो काढला, संपले! कॅनडातील मॉन्ट्रियलमध्ये २०११ साली भर शहरात २१ झोपाळे बसवले. प्रत्येक झोपाळा हलला की एक सूर वाजतो. अनेकजण एका लयीत झुलले, तरच काही खास सुरावटी उमटतात. म्हणजे अनोळखी माणसांशी जुळवून घेणे आले.

ठाण्यात मासुंदा तलावाकाठी, म्हणजे तलावपाळीला, संध्याकाळी आजी-आजोबांपासून पोरासोरांपर्यंत सगळे असतात, समोर गडकरी रंगायतन आहे. अशा मांडणीला याहून चांगली जागा कोणती? सूर मात्र आयते नकोत, आपल्या वारली पाड्यांवरच्या तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याचे असावेत. आवाजाची मर्यादा हवीच. निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबल हा नियम आहे, तेव्हा दहाला यंत्रणा आपोआप बंद व्हावी.

खरी भीती पावसाळ्याची. सेन्सर आणि स्पीकर दमटपणाने आधी जातात, आणि उद्घाटनानंतर तिकडे कोण फिरकतो? म्हणून देखभालीचा खर्च मूळ निविदेतच धरावा आणि बिघाड कळवण्याचा फोन नंबर झोपाळ्याशेजारी ठळक लिहावा.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे