बडी कंपनी आली म्हणजे तेल लागले, असे नव्हे

संपादक महोदय,

तेल शोधणाऱ्या एखाद्या छोट्या कंपनीच्या क्षेत्रात बड्या कंपनीने हिस्सा घेतला, की बाजाराच्या पानावर जणू साठा सापडलाच अशा थाटात बातमी येते आणि सामान्य गुंतवणूकदार त्या शेअरमागे धावतो. अशा कराराला धंद्यात 'फार्म-इन' म्हणतात. तो पहिल्या विहिरीआधी झाला, तर बडी कंपनी बहुधा फक्त एका विहिरीपुरती जोखीम घेते.

हिशेब करून पाहा. समजा, विहिरीचा अंदाजे खर्च 100 कोटी. बडी कंपनी 50 टक्के हिस्सा घेऊन सगळा खर्च उचलते, पण 100 कोटींच्या मर्यादेपर्यंतच. 3,000 मीटरवर फुगणाऱ्या चिकणमातीच्या खडकात पाइप अडकतो, तो कापून बाजूने नवे भोक पाडावे लागते, रिगचे, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्रणेचे, भाडे रोज चढत राहते. खर्च 140 कोटींवर गेला, तर वरच्या 40 कोटींतले 20 छोट्या कंपनीला भरावे लागतात. तिच्याकडे तेवढी रोकड नसते. मग पडेल भावात नवे शेअर काढायचे, नाहीतर उरलेला हिस्साही सोडायचा. करारातली ही मर्यादा बातमीत क्वचितच असते.

तेल लागल्यावर हिस्सा घ्यायला आलेली बडी कंपनीही आधी माहिती मागते: खडकाचे कोअर (विहिरीतून अखंड काढलेले दंडगोल नमुने), तळाशी घेतलेला तेलाचा नमुना, वेगवेगळ्या खोलीवरचे दाब. तेलापेक्षा पाणी जड, म्हणून खोलीनुसार आखलेल्या दोघांच्या दाबाच्या रेषांचा उतार वेगळा असतो. त्या जिथे छेदतात साधारण तिथे तेल संपून पाणी सुरू होते. छोट्या कंपनीने पैसे वाचवायला ही मोजणी टाळली, तर तेलाचा थर 20 मीटरचा की 80 चा हे ठरत नाही आणि सौद्यात भाव पडतो. चाचणीत काही तास तेल वाहिले, एवढ्याने भागत नाही. विहीर बंद केल्यावर दाब पुरेसा वेळ मोजूनही मूळ पातळीवर येत नसेल, तर साठा लहान असल्याची शंका घ्यावी.

बड्यांचा अंदाजही चुकतो. राजस्थानच्या बाडमेर भागातल्या क्षेत्रातून शेल ही बडी तेल कंपनी 2002 मध्ये बाहेर पडली; तिचा हिस्सा केर्न कंपनीने जेमतेम 70-75 लाख डॉलरना घेतला. जानेवारी 2004 मध्ये तिथेच मंगला हे तेलक्षेत्र सापडले. तरी तेल विक्रीला निघायला ऑगस्ट 2009 उजाडला. हे तेल इतके मेणचट की साध्या तापमानाला गोठते, म्हणून गुजरातकडे जाणारी वाहिनी सतत तापती ठेवावी लागते.

आपल्या वार्ताहरांना विनंती, की अशा बातमीत एवढे तरी द्यावे: करार विहिरीआधीचा की नंतरचा, खर्चाची मर्यादा किती, आणि पाण्याची पातळी प्रत्यक्ष मोजली आहे की नुसती गृहीत धरली आहे.

— एक भूवैज्ञानिक, पुणे