डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्यांसाठी उन्हाळी वर्ग

सभासद पालकहो, अकरावी आटोपली की पोरांना लगेच क्रॅश कोर्सला जुंपू नका. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, ती घोकंपट्टी वर्षभर आहेच.

आपला वर्ग सोमवारपासून, सकाळी ७ ते ९. त्यापुढे जळगावचं ऊन कोणाला बसू देत नाही! मुलं रक्तदाब मोजतील, पुतळ्यावर सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर करायचा प्रथमोपचार, शिकतील : मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची. गेल्या वर्षी दोनच मिनिटांत भल्याभल्यांचे हात भरून आले. एक दिवस सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी. रक्त पाहून घेरी येते का, तेही आत्ताच कळलेलं बरं.

नावं शनिवारपर्यंत ग्रुपवर टाका. टोपी, पाण्याची बाटली विसरू नका.